उणे पंधरामध्ये नळाला पाणी!

सकाळचे साडेसहा. बाहेर अजून अंधार. पांघरुणातून एक हात काढून मोबाइल बघितला, तर स्क्रीनवर चार डिग्री. तेही फॅरनहाइटमध्ये! आपल्या हिशेबात उणे पंधरा. आत मात्र मस्त ऊबदार. मनात म्हटलं, वा, जिंकलो! आता फक्कड आल्याचा चहा. उठलो, सिंकपाशी गेलो, नळ फिरवला...

फुस्स.

एवढाच आवाज. मग तोही नाही. बाथरूमचा नळ बघितला, तेच. फ्लशचं पेडल दाबलं, तेच. आणि नेमका तेव्हाच मागच्या पलंगावरून आईचा आवाज आला, "अरे, उठलास का? मला जरा बाथरूमला जायचंय."

कॅम्पग्राउंडचं टॉयलेट होतं म्हणा. पण ते शंभर पावलांवर, आणि मधली वाट म्हणजे काचेसारखा बर्फ. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं जुनं. आता बोला!

सोफ्यावरचे बाबा

जरा मागे जाऊ या. आम्ही सॉल्ट लेक सिटीत राहतो. मी, बायको आणि सहा वर्षांची लेक. दोघंही आयटीवाले. म्हणजे सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप, शनिवारी कपडे-भांडी आणि रविवारी सोमवारचं टेन्शन. गेल्या हिवाळ्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. आईचं काही नाही, ती कुठंही रमते. दोन आठवड्यांत तिनं शेजारच्या मेक्सिकन काकूंना थालीपीठ शिकवलं. खरा प्रश्न बाबांचा होता.

बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. बत्तीस वर्षं. निवृत्त झाले तरी गावातल्या कुठल्या गल्लीत कुठला व्हॉल्व्ह आहे हे अजून त्यांना तोंडपाठ. असा माणूस सकाळी सहाला उठून, आंघोळ करून, स्वेटर घालून सोफ्यावर बसायचा. पेपर नाही, पारावरच्या गप्पा नाहीत, फोन नाही. एकदा आमचं डिशवॉशर गळायला लागलं, तर बाबांचा चेहरा काय खुलला! पण अपार्टमेंटचा नियम असा की माणूस ऑफिसकडूनच येणार. तो आला, पाच मिनिटांत दुरुस्त करून गेला. बाबा परत सोफ्यावर.

खरं सांगू? त्यांना बघून वाईट वाटायचं, पण आत कुठंतरी एक जुना रागही होता. लहानपणी आमच्या घरी बाबा सणाला नसायचेच. दिवाळीच्या पहाटे फटाक्यांच्या आधी आमचा फोन वाजायचा. महाबळेश्वर घरापासून दोन तासांवर. पण आमच्या अल्बममध्ये वेण्णा लेकचा जो एकमेव फोटो आहे, त्यात घोड्यावर मी, शेजारी आई आणि ताई. बाबा नाहीत. त्या सकाळी ते चप्पल घालून निघाले होते, तेवढ्यात फोन आला. आम्ही तिघं एसटीनं गेलो.

त्यामुळे नाताळच्या सुट्टीत मी ठरवलं, बस्स! आता एक ट्रिप अशी करायची की जिथं बाबांना कुठलाच फोन येणार नाही. ट्रॅव्हल ट्रेलर भाड्यानं घ्यायचा आणि ब्राइस कॅन्यनचा बर्फ बघायचा.

चाकांवरचं वन बीएचके

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. आमचा बावीस फुटी होता. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला टेबल, रात्री त्याचाच पलंग. मधे शेगडी, सिंक, फ्रिज आणि विमानातल्यासारखी छोटी बाथरूम. एकूण काय, पुण्यातला वन बीएचकेच, फक्त मेंटेनन्स चार्जेस नाहीत! पोटाखाली तीन टाक्या. एक स्वच्छ पाण्याची, एक सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. कॅम्पग्राउंडवर वीज आणि पाणी असेल तर वायर लावायची, नळी जोडायची, की झालं घर सुरू.

आंतरराज्य महामार्ग पंधरावरून सरळ दक्षिणेला निघालो. एरवी चार तासांचा, साधारण 430 किलोमीटरचा रस्ता. मागे ट्रेलर म्हणून आम्हाला सहा तास लागले. बाबा पुढच्या सीटवर. दोन्ही बाजूंना पांढरे डोंगर, मधे रिकामं पठार. लेक मागून "आजोबा, तो बघा बर्फ", "आजोबा, तो पण बर्फ" असं तासभर करत होती. आजोबा प्रत्येक वेळी बघत होते.

मुक्काम पँग्विच गावाजवळ, हिवाळ्यातही उघड्या असणाऱ्या एका छोट्या कॅम्पग्राउंडवर. उंची समुद्रसपाटीपासून साडेसहा हजार फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजारेक फूट. उन्हाळ्यात अशा जागा खचाखच भरतात. आता आमच्याशिवाय एकच ट्रेलर होता. त्यात एक मिशाळ अमेरिकन आजोबा आणि त्यांचा म्हातारा कुत्रा.

रात्री केलेली हुशारी

आता माझी हुशारी ऐका. एक, पोचल्या पोचल्या पाण्याची नळी जोडली आणि नळ चालू ठेवून दिला. कॅम्पग्राउंडचं पाणी आहे ना, मग आपली टाकी कशाला भरा? दोन, ट्रेलरला गॅसवर चालणारी फर्नेस होती, ती रात्री बंद केली. तिचा पंखा जेट विमानासारखा आवाज करतो आणि गॅस ढसाढसा पितो. त्याऐवजी घरून आणलेला विजेचा हीटर लावला. वीज तर भाड्यातच होती! तीन, सिंकखालची कपाटं घट्ट बंद केली, कारण तिथून गार वारा येत होता.

रात्रभर आम्ही गाढ झोपलो. आणि सकाळी फुस्स.

आईला आधार देत मी आणि बायकोनं ती शंभर पावलं पार केली. परत येऊन बघतो तर बाबा ट्रेलरमध्ये नाहीत. बाहेर गेलो. माकडटोपी, माझं जुनं जॅकेट, हातात टॉर्च, आणि बाबा ट्रेलरखाली वाकून काहीतरी बघत होते. बघितल्यावर वळले आणि म्हणाले,

"लाइन कुठून कुठं जाते, मला दाखव."

दोन महिन्यांत त्यांनी मला सांगितलेलं ते पहिलं काम!

पाइपांची भाषा

दाखवणार काय, कपाळ! मलाच माहीत नव्हतं. पण बाबांनी नळीपासून सुरुवात केली. नळी उचलली तर ती काठीसारखी सरळ उभी राहिली. आतून पूर्ण बर्फ. मग ते जमिनीतून वर आलेल्या नळाकडे गेले. लोखंडी उभा पाइप, वर एक दांडा. दोनदा दांडा वर-खाली करून बघितला आणि स्वतःशीच हसले. "हुशार लोक आहेत," म्हणाले.

झालं काय, की हा नळ दिसतो वर, पण त्याची चालू-बंद होण्याची जागा खाली जमिनीत असते. थंडी पोचत नाही इतक्या खोल. दांडा बंद केला की उभ्या पाइपातलं उरलेलं पाणी आपोआप खालच्या खडीत निचरून जातं. वर पाणीच नाही, मग गोठेल काय? पण मी रात्रभर नळी जोडून नळ चालू ठेवलेला. पाणी वरपर्यंत चढलेलं आणि तिथंच उभं. इतकी सुंदर सोय मी पार मोडीत काढली होती.

तेवढ्यात शेजारचे मिशाळ आजोबा आले. बाबांचं इंग्रजी बेताचं आणि या आजोबांचा उच्चार असा, की मलाच अर्धं कळेना. पण पाइपांची भाषा वेगळी असते हो! आजोबांनी आमच्या ट्रेलरच्या पोटावर थाप मारली, हातानं गरम हवेची खूण केली आणि प्रश्नार्थक बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "ती फर्नेस रात्री चालू होती का, विचारतोय तो."

नव्हती. आणि ग्यानबाची मेख तीच होती. फर्नेसची गरम हवा नुसती खोलीत येत नाही. जमिनीखालून जाणाऱ्या पोकळ नळांतून येते, आणि आमच्यासारख्या पोट झाकलेल्या ट्रेलरमध्ये ती जाता जाता टाक्यांना आणि पाण्याच्या पाइपांनाही ऊब देते. मी विजेचा हीटर लावला, खोली गरम झाली, आणि पायाखाली पाइप उणे पंधरात एकटे पडले. कपाटं बंद केल्यामुळे सिंकखालच्या पाइपांना खोलीतली ऊबही मिळाली नाही. म्हणजे आपण रजईत, आणि नळ गच्चीवर!

मग बाबांनी सूत्रं हातात घेतली. पहिला हुकूम, जमिनीतला नळ बंद. दुसरा, आतले सगळे नळ उघडे. का? तर बर्फ वितळताना पाण्याला बाहेर पडायला वाट हवी, आणि कुठं फुटलं असेल तर वितळल्यावर घरात पूर नको. फर्नेस चालू. कपाटं सताड उघडी. बायकोचा हेअर ड्रायर सिंकखाली. नळाच्या तोंडाकडून सुरुवात करून मागे मागे जायचं, मधेच नाही. शेजारच्या आजोबांनी गॅसचा टॉर्च आणायचं काही सुचवलं असतं, तर बाबांनी त्यांना तिथंच हाकललं असतं. पण त्यांनी आणले जाड टॉवेल. ते गरम पाण्यात बुडवून जमिनीतल्या नळाला गुंडाळले.

दीड तासानं सिंकचा नळ खोकला. दोनदा थुंकला. मग बारीक धार. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, झालं!

"झालं नाही," बाबा म्हणाले. "आता खरं काम आहे."

कॅम्पग्राउंडच्या ऑफिसातून कॅननं पाणी आणून आमची टाकी थोडी भरली. बाबांनी माणसं पेरली. लेक बाथरूमच्या दारात, सून सिंकखाली टॉर्च घेऊन, मी बाहेर. आतले सगळे नळ बंद केले आणि ट्रेलरचा पंप चालू केला. हा पंप लाइनमध्ये दाब भरला की आपला आपण थांबतो. आमचा थांबेना. घर्रर्र चालूच.

"पंप थांबत नाही, म्हणजे पाणी कुठंतरी चाललंय."

आणि ते सापडलं कुठं, तर ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला एक छोटं झाकण होतं, त्याच्या आत. तिथं बाहेर पाय धुवायचा शॉवर होता. भाड्यानं देताना मालकानं दाखवला होता, मी "छान छान" म्हणून विसरलोही होतो. नुसतं एक पातळ प्लॅस्टिकचं दार, मागे पाण्यानं भरलेला व्हॉल्व्ह. त्याला केसाएवढी चीर गेली होती.

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. हल्लीच्या ट्रेलरमधले पेक्स नावाचे प्लॅस्टिकचे पाइप थोडे ताणतात, सहन करतात. फुटतात ते कडक भाग. व्हॉल्व्ह, कोपरे, पंपाच्या गाळणीची वाटी. मालकाला फोन लावला, चूक कबूल केली, त्याची परवानगी घेतली. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाची, नुसती दाबून बसणारी दोन टोपणं आणली. बाबांनी पलंगाखालचा कप्पा काढून शॉवरच्या गरम आणि गार अशा दोन्ही लाइन कापल्या आणि टोपणं बसवली. परत पंप चालू. घर्रर्र... टक्. थांबला.

बाबा पाच मिनिटं नुसते उभे राहून ती शांतता ऐकत होते. मग म्हणाले, "आता चहा टाका."

त्याच बर्फाची करामत

दुपारी ट्रेलर तिथंच ठेवून ब्राइस कॅन्यनला गेलो. वाटेत रेड कॅन्यनमध्ये लाल दगडात कोरलेल्या दोन कमानींखालून रस्ता जातो. ही तर नुसती नांदी. सनसेट पॉइंटला गाडी लावली, कठड्यापाशी गेलो, आणि पाचही जण गप्प.

खाली, नजर पोचेल तिथवर, दगडांचे हजारो सुळके. केशरी, गुलाबी, विटकरी. प्रत्येकाच्या डोक्यावर बर्फाची टोपी. यांना इथं हूडू म्हणतात. नावात कॅन्यन असलं तरी ही नदीनं कापलेली दरी नाहीच. पॉनसॉगंट नावाच्या पठाराची ही कड आहे, अर्धगोल नाट्यगृहासारखी कोरलेली. कठड्याची उंची आठ हजार फुटांच्या वर. 1928 पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे.

या भागातले मूळचे पायूट लोक सांगत, की ही पूर्वीची माणसंच, कोयोटीनं त्यांचा दगड केला. ते ऐकून आई लगेच म्हणाली, "म्हणजे आपल्या माहुलीसारखंच की! नवरा, नवरी आणि भटजी." आसनगावच्या माहुली गडाचे ते सुळके ट्रेकवाल्यांना माहीतच असतील. इथं तर अख्खं वऱ्हाड उभं होतं.

पण हे सुळके झाले कसे? माहितीफलक वाचता वाचता मी हसायलाच लागलो. दिवसा ऊन पडतं, बर्फ वितळतो, पाणी दगडाच्या चिरेत शिरतं. रात्री गोठतं, फुगतं, चीर थोडी रुंद करतं. दुसऱ्या दिवशी तिथं थोडं जास्त पाणी. वर्षातून दीडशेहून जास्त वेळा हा खेळ चालतो. हजारो वर्षं. आधी पठाराच्या कडेची भिंत, मग भिंतीला खिडकी, मग खिडकीचं छप्पर कोसळून दोन सुळके. त्यात पावसाचं पाणी चुनखडक विरघळवून त्यांच्या कडा गोल करतं, आणि रंग देतं ते दगडातलं लोह.

बाबांना मराठीत सगळं सांगितलं. ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे रात्री आपल्या शॉवरला केलं तेच. फक्त इथं कोणी नळ बंद करायला नव्हतं."

सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट हा कठड्यावरचा अर्ध्या मैलाचा रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. आईनं तो बायकोचा हात धरून, हळूहळू, पण पूर्ण केला. मी आणि बाबा बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून नवाहो लूपवर थोडंसं खाली उतरलो. त्याची वॉल स्ट्रीट नावाची प्रसिद्ध चिंचोळी बाजू हिवाळ्यात बंद असते. दरडींची भीती. अर्थात कारण तेच, गोठणं आणि वितळणं.

दुसरी रात्र

त्या रात्रीही उणे चौदा-पंधराच होतं. पण आज नियोजन बाबांचं. त्यांनी आम्हाला एक साधं सूत्र दिलं. पाणी ठेवायचं तर उबेत ठेवायचं. उबेत ठेवता येत नसेल तर वाहतं ठेवायचं. तेही जमत नसेल, तर ठेवूच नये. बत्तीस वर्षं साताऱ्याकडच्या उन्हात पाइप टाकणाऱ्या माणसानं हे एका दिवसात शोधलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली. मग नळी काढली, उंच धरून रिकामी केली आणि ट्रेलरमध्ये आणून ठेवली. जमिनीतला नळ बंद, म्हणजे त्याचा पाइप रिकामा. फर्नेस 65 फॅरनहाइटवर चालू. आवाज गेला खड्ड्यात! कपाटं उघडी. सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद, कारण तो उघडा राहिला तर बारीक धार बाहेरच्या मोठ्या नळीत जाऊन तिथं थर थर गोठते. गॅसचं दुसरं भरलेलं सिलिंडर तयार. 20 पौंडांचं सिलिंडर अशा थंडीत दीड-दोन दिवसांत संपू शकतं. इथला गॅस शुद्ध प्रोपेन असतो. तो उणे 42 पर्यंत वायू होत राहतो, म्हणून अडचण नाही. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो आणि तो शून्याच्या आसपासच आळस करायला लागतो.

रात्री दोनला जाग आली. फर्नेसचा पंखा चालू. बाबा पलंगावर नाहीत. जॅकेट चढवून बाहेर गेलो तर ते पायरीशी उभे, मान वर करून. आकाश म्हणजे नुसता सडा! ब्राइसच्या उद्यानाला 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, तो का हे इथूनही कळत होतं. "तो मृग बघ," बाबा म्हणाले. "त्याच्याखाली व्याध. गावाकडं रात्रीच्या कामावर हाच सोबतीला असायचा."

"झोप नाही आली?"

"आली की. पंप वाजतोय का बघायला उठलो. नाही वाजला."

थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. नाकातून वाफा निघत होत्या. मग बाबा एकदम म्हणाले, "त्या महाबळेश्वरच्या दिवशी ना, मेन लाइन फुटली होती. शाळेजवळची. संध्याकाळी सात वाजता पाणी सुटलं. तुम्ही आठला परत आलात."

मी त्यांना तो विषय कधी काढलाच नव्हता. तीस वर्षांत एकदाही नाही. तरी त्यांना दिवस माहीत होता, जागा माहीत होती, आम्ही किती वाजता परत आलो तेही माहीत होतं. मी एवढंच म्हटलं, "बाबा, आत चला, थंडी बाधेल." आत आलो. आई जागीच होती. बाथरूममध्ये गेली, फ्लशचा आवाज आला. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता!

सकाळी नळ फिरवला. पाणी. चहा झाला. मिशाळ आजोबा कुत्र्यासकट चहाला आले, आणि आल्याचा चहा पिऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना त्यांनीच आमचा फोटो काढला. ट्रेलरच्या पुढे आई, बायको, लेक, मी आणि मधे बाबा. माकडटोपीत. हातात उरलेलं एक टोपण.

दरवर्षी थंडीत वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो. यंदा तो बघितला की बाबा गावाकडे काय म्हणतील, मी आत्ताच सांगतो. "हे काहीच नाही. आमच्याकडं शॉवर फुटला होता!"

तुम्ही जाताय? मग हे बघाच

• ट्रेलर भाड्यानं घेताना तीन प्रश्न विचारा. पोट झाकलेलं आहे का? फर्नेसची ऊब टाक्यांपर्यंत जाते का? पाण्याच्या लाइन नेमक्या कुठून जातात?

• नळी रात्रभर जोडून ठेवायचीच असेल तर विजेवर गरम होणारी नळी मिळते, ती घ्या. नाहीतर टाकी भरा आणि नळी काढून आत ठेवा.

• विजेचा हीटर जोडीला चालेल, फर्नेसच्या बदल्यात नाही. आणि गॅसची शेगडी पेटवून ट्रेलर गरम करायचा मोह अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासा.

• फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. वीज नसलेल्या जागी मुक्काम असेल तर हा हिशेब आधी करा.

• नळाची बारीक धार सोडून ठेवणं ही थोड्या थंडीतली युक्ती. पण ते पाणी सांडपाण्याच्या टाकीत साठतं, ती किती भरली यावर लक्ष हवं.

• बाहेरचा शॉवर, पंपाची गाळणी, संडासाचा व्हॉल्व्ह ही विसरली जाणारी ठिकाणं. पहिले बळी तिथंच जातात.

• फारच कडाका असेल तर लाइनमध्ये पाणी भरूच नका. सगळं काढून टाकून ट्रेलरसाठीचं गुलाबी अँटीफ्रीझ भरतात. गाडीच्या रेडिएटरचं चुकूनही नको, ते विषारी असतं. प्यायला-स्वयंपाकाला कॅन आत ठेवायचे.

• गोठलंच, तर आधी पाणी बंद, मग नळ उघडे, मग ऊब. हेअर ड्रायर किंवा गरम टॉवेल. उघडी ज्योत कधीच नाही.

• अमेरिकेला कशाला, हिवाळ्यात लडाख-स्पितीला गेलात तरी हेच. तिथले होमस्टेवाले नळाऐवजी बादलीतून पाणी देतात तेव्हा नाक मुरडू नका. ते बाबांच्या सूत्रातला तिसरा नियम पाळत असतात.